क्लास-डी बोर्डाला जोडीदार शोधताना: बाबांच्या खोलीतल्या स्पीकरच्या नोंदी

१५ सप्टेंबर २०१९, रविवार

बाबांचा टेपडेक अखेर बसला. उघडून पाहिला तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला, आणि ते डांबर बोटांना दोन दिवस चिकटून होतं. ध्वनिफिती दोन वर्षांपूर्वीच संगणकात उतरवून ठेवल्या होत्या, त्यामुळे हळहळ फार नाही. नाट्यसंगीत, भीमसेन, कुमार, आणि आकाशवाणीवरून कधीकाळी टेप केलेली काही भाषणं. आता लागतो फक्त अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. खोली १२ बाय ११ फूट. आरामखुर्ची खिडकीशी, समोरची भिंत तिच्यापासून तीन मीटरवर.

अॅम्प्लिफायर ठरलेलाच होता. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, टीपीए३११६डी२ चिपचा बोर्ड आणला, हाताच्या पंजाएवढा. बंद पडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा अडॅप्टर घरात पडून होता, तो त्याला लावला. बोर्डाच्या पिशवीवर '५० वॅट + ५० वॅट' छापलंय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या माहितीपत्रकात तो आकडा आहे खरा, पण २१ व्होल्टवर, ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध) स्पीकरला आणि १० टक्के विकृती चालवून घेतली तर. गाणं ऐकताना १० टक्के विकृती म्हणजे गवयाला पडसं.

हा बोर्ड क्लास-डी जातीचा. त्यातल्या 'डी'चा डिजिटलशी संबंध नाही. ए, बी, सी झाले म्हणून पुढचा डी. आतले ट्रान्झिस्टर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला चार लाख वेळा. आवाजाची माहिती असते ती चालू-बंदच्या कालावधीत. अर्धवट उघडं राहणं नाही, म्हणून तापणंही थोडं, आणि ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. कल्पना जुनी आहे. सिंक्लेअरने १९६४ साली एक्स-१० नावाचं असं किट विकायला काढलं होतं, पण तेव्हाच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांना तो वेग झेपला नाही.

दुकानदाराला स्पीकरचं विचारताच त्याने एकच प्रश्न टाकला, "किती वॅटचा देऊ साहेब?" मला उत्तर देता येईना. पुढच्या रविवारी सांगतो म्हणून निघालो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

रात्री कागदावर हिशेब. अडॅप्टर १९ व्होल्टचा, म्हणजे चिपच्या आतला तोटा वजा जाता स्पीकरच्या दोन टोकांमध्ये शिखर येणार जेमतेम १८ व्होल्ट. त्यावरून साइन तरंगाची सरासरी ताकद:

४ ओहमला ४० वॅट. ६ ओहमला २७. ८ ओहमला २०.

दोन चॅनेल धरून, कार्यक्षमतेचा भागाकार केला, की अडॅप्टरकडून मागणी ४ ओहमला ९० वॅट, ६ ओहमला ६०, ८ ओहमला ४५. अडॅप्टर आहे ६५ चा. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर घेऊन 'दुप्पट वॅट' मिळवायचे म्हटलं, तर ते द्यायला मागे कोणी नाही.

पण संगीत म्हणजे काही अखंड साइन तरंग नव्हे. सरासरी फार खाली असते, म्हणून ४ ओहम चालूनही जाईल. करून पाहू. भावाच्या जुन्या गाडीचे सहा इंची स्पीकर माळ्यावर आहेत.

२२ सप्टेंबर, रविवार

पहिला अपघात. चूक शंभर टक्के माझी.

टेपडेकच्या काळात मी भिंतीच्या पट्टीतून स्पीकरची वायर खेळवली होती. तेव्हा काटकसर म्हणून तीनच तारा टाकल्या: डावा, उजवा आणि दोघांचा परतीचा एकच. टेपडेकला चालत होतं, कारण त्याची दोन्ही काळी टोकं आत एकाच ग्राउंडला बांधलेली. आज तीच वायर नव्या बोर्डाला लावली. सुरू केलं, शांत. आवाज हळू, ठीक. तबल्याने जरा लय घेतली म्हणून नॉब फिरवला तर 'टक्'. शांतता. पुन्हा दोन क्षण गाणं, पुन्हा 'टक्'. बाबा म्हणाले, "अरे, याला उचकी लागली."

या बोर्डात स्पीकरचं एकही टोक ग्राउंडवर नसतं. दोन्ही टोकं चिप स्वतः चालवते, एक वर ढकलते तेव्हा दुसरं खाली ओढते, आणि विश्रांतीत दोन्ही अडॅप्टरच्या निम्म्या व्होल्टवर, साधारण साडेनऊवर बसलेली असतात. डाव्याचं काळं आणि उजव्याचं काळं एकत्र बांधलं म्हणजे दोन स्वतंत्र चालकांना एकमेकांच्या अंगावर सोडलं. दोन्हीकडे सारखाच आवाज असेपर्यंत भांडण नाही. दोन्हींत फरक पडला की शॉर्ट. चिपमध्ये संरक्षण होतं म्हणून वाचलो.

यातून स्पीकर निवडीची पहिली अट निघाली, आणि ती वॅटबद्दल नाही. प्रत्येक पेटीला स्वतःची जोडी तार हवी, आणि पेटीचं काळं टोक धातूच्या पट्टीला किंवा हेडफोनच्या खोबणीला टेकलेलं नको. जुन्या बाजारातली म्युझिक सिस्टिमची पेटी घेणार असाल तर मागचं झाकण उघडून हे पाहाच. ऑसिलोस्कोपची ग्राउंडची चिमटीही इथे लावायची नाही. ओळखीच्या एकाने तसा बोर्ड जाळलाय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तारा वेगळ्या केल्या, तात्पुरत्या जमिनीवरून. गाडीचे ४ ओहमचे स्पीकर पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवले. खोकं म्हणजे खरोखर खोकं, मिक्सरचं.

अपेक्षेपेक्षा मोठा आवाज. दोन मिनिटांनी कळलं की मोठा आहे, बरा नाही. डग्ग्याची प्रत्येक थाप एकाच सुरात, 'भुम्'. असे स्पीकर गाडीच्या दारात, म्हणजे जवळपास उघड्या पोकळीत बसवायला बनवलेले. लहान बंद जागेत कोंडले की घुमतात. नॉब तीन-चतुर्थांशावर नेला आणि सम येताच अडॅप्टरचा हिरवा दिवा विझला. तीन सेकंदांनी पुन्हा पेटला. हिशेब बरोबर निघाल्याचा आनंद आणि गाणं तुटल्याचं दुःख, दोन्ही एकदम.

त्यांच्या खोक्यावर '९१ डेसिबल' छापलंय. खाली बारीक अक्षरात: २.८३ व्होल्टला, एक मीटरवर. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. ४ ओहमला तेच २ वॅट होतात. म्हणजे वॅटच्या हिशेबात हे ९१ खरे तर ८८. दुप्पट ताकदीला ३ डेसिबल, हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या जाहिराती आपोआप गळून पडतात. उरलेल्या अर्ध्या पीएमपीओवाल्या, म्हणजे क्षणभराचे फुगवलेले वॅट छापणाऱ्या, त्यांचं काय बोलायचं!

२९ सप्टेंबर, रविवार

बुधवारच्या रात्रीच्या पावसाने शहराची दैना केली, आठवडाभर कुणाला स्पीकर सुचणार. आमची इमारत उंचावर, पाणी आलं नाही. आज तपकीर गल्लीत जायचं टाळलं.

शेजारच्या मंडळाची पेटी मात्र घरपोच आली. गणपतीत वापरलेली, १२ इंची, ८ ओहम, वर दोन चौकोनी पिझो ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचे छोटे स्पीकर. मंडळाचा मुलगा म्हणाला, "काका, लावून बघा, घर हलेल."

घर हललं. संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटमागे मिळणारा आवाज, भरपूर, बोर्डाला काहीच कष्ट नाहीत, नॉब नऊ वाजण्याच्या खुणेवर असतानाच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "देवळातला भोंगा आहे हा. शब्द येतात, माणूस येत नाही." याहून नेमकी तक्रार मोजमापाच्या यंत्रानेही केली नसती.

मला खटकलं ते वेगळंच. गाणं बंद असतानाही बोर्डाचा उष्णताशोषक कोमट. पिझोच्या तारा सोडल्या, पंधरा मिनिटांत गार. पिझो ट्वीटरमध्ये तारेची कॉइल नसते, तो चिपच्या दृष्टीने निव्वळ कपॅसिटर. बोर्डावरच्या प्रत्येक टोकाला कॉइल आणि कपॅसिटरची एक चाळणी असते, ती ४०० किलोहर्ट्झचे ठोके अडवून आवाज पुढे सोडते. त्या चाळणीला शेवटी ओहमचा, म्हणजे रोधाचा, भार लागतो. कपॅसिटर टांगला तर चाळणी सरकते आणि तिचा झोका आवरणारं कोणी राहत नाही. पिझो लावायचाच झाला तर आधी २०-३० ओहमचा रोध मालिकेत घालून मग. मी लावणार नाही.

पेटी संध्याकाळी परत.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. चाळणीचा हिशेब करत बसलो, थोडा गरजेपेक्षा जास्त.

बोर्डावर प्रत्येक टोकाला १० मायक्रोहेन्रीची कॉइल, ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दोन्ही मिळून कोपरा, म्हणजे चाळणी जिथून अडवायला लागते ती जागा, ६१ किलोहर्ट्झला. स्पीकर दोन टोकांमध्ये असल्याने प्रत्येक बाजूला त्याचा निम्मा ओहम दिसतो. ८ ओहमचा स्पीकर असेल तर २० किलोहर्ट्झला अर्धा डेसिबल उचल. ४ ओहमचा असेल तर पाऊण डेसिबलहून किंचित जास्त घसरण. स्पीकरच नसेल तर ६१ किलोहर्ट्झपाशी सुळका. म्हणजे तोच बोर्ड, वेगळा स्पीकर, वरचे स्वर वेगळे. एकाने म्हणायचं बोर्ड 'कर्कश', दुसऱ्याने म्हणायचं 'मऊ', आणि दोघेही आपापल्या घरी खरे.

महागड्या रचनांमध्ये हे होत नाही, कारण तिथे अभिप्रायाची (फीडबॅकची) तार चाळणीच्या पुढून घेतात. फिलिप्समध्ये असताना ब्रूनो पुट्झेस यांनी केलेली यूसीडी रचना त्याच जातीची. माझ्या बोर्डात ती तार चाळणीच्या अलीकडून निघते. चाळणीपुढे काय होतं ते चिपला कळतच नाही. त्यामुळे पुढची शिस्त स्पीकरने पाळायची.

गंमत पुढे. रात्री मोबाईलवर सूर लावून बाबांचे कान तपासले. वय ७८. ४ किलोहर्ट्झ मोठा केल्यावर ऐकू आला. ६ चा पत्ताच नाही. मी दुपारभर २० किलोहर्ट्झच्या अर्ध्या डेसिबलवर डोकं फोडत होतो!

कागद फाडला नाही, बाजूला ठेवला. पण प्रश्न बदलला. श, त, थ यांसारखी व्यंजनं ओळखू येतात ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि वयानुसार कान गळायला लागतात ते त्याच्या वरून. बाबांना आवाज मोठा नकोय, शब्द हवेत. म्हणजे त्या पट्ट्यात स्वच्छ बोलणारा स्पीकर, डग्ग्याला पुरेल इतका खालचा भाग, आणि अडॅप्टरला झेपेल असा ८ ओहम. वॅट शेवटी बघू.

६ ऑक्टोबर, रविवार

तपकीर गल्ली. दुकानात तीन प्रकार मांडले. दुकानदार मॅग्नेट हातात देऊन वजन करायला लावतो, "बघा, केवढा जड!" मॅग्नेट जड म्हणजे स्पीकर चांगला, हा या गल्लीतला वेद.

मी खिशातून मीटर काढला. बाजारातल्या '८ ओहम'चा डीसी रोध ६ ते साडेसहा निघायला हवा. पहिला ७.६ निघाला, दुसरा ३.४, त्यावर शिक्का मात्र ८ चा. स्पीकरचा कोन (हलणारा कागदी पडदा) बदलताना ४ ओहमची कॉइल बसवली असावी. तिसरा ६.२. साडेसहा इंची, कागदी कोन, रबरी कडा, बोटाने दाबल्यावर कॉइल कुठेही खरवडत नाही. दोन घेतले, साडेसहाशेला एक. दुसऱ्याचाही रोध ६.२ आलेला पाहून दुकानदार म्हणाला, "तुम्ही सोनाराकडे कामाला का हो?"

सोबत ८ ओहमचे दोन रेशमी घुमटाचे ट्वीटर. त्यांना मात्र कॉइल आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा

शस्त्रपूजेला मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि दोन्ही नवे स्पीकर मांडले. आईने स्पीकरच्या मधोमध कुंकू लावलं. कागदी कोनाला लागलं नाही, फक्त टोपीला.

दुपारी पूजेतलेच स्पीकर मोजायला घेतले. बोर्डावरून मोजायचं नाही. त्याच्या टोकांना साउंडकार्डचं ग्राउंड लागलं की २२ तारखेची पुनरावृत्ती. म्हणून यूएसबी साउंडकार्डच्या हेडफोनच्या भोकातून १०० ओहमच्या रोधातून स्पीकर चालवला आणि रोधाच्या दोन्ही बाजूंचे व्होल्ट आरईडब्ल्यू या मोजमापाच्या प्रोग्रामला दिले. साध्या मीटरने हे करू नये. स्वस्त मीटर एसी व्होल्ट काहीशे हर्ट्झपर्यंतच खरं सांगतो.

स्पीकरच्या ओहमचा वक्र असा: ५२ हर्ट्झला शिखर, ३८ ओहम. २४० हर्ट्झला तळ, ६.८. मग चढत चढत १० किलोहर्ट्झला २१. 'आठ ओहम' हा शब्द या वक्रावर दोन-तीनच ठिकाणी खरा आहे. शिखराच्या दोन्ही बाजूंना १५.३५ ओहमची (६.२ आणि ३८ च्या गुणाकाराचं वर्गमूळ) वारंवारता पाहिली, ३८ आणि ७१.२. त्यातून हिशेबाने क्यूटीएस, म्हणजे शिखरापाशी कोन किती घुमतो त्याचा आकडा, ०.६३.

आता खोक्याच्या मापासाठी स्पीकरची हवेतली 'लवचिकता' काढायची. कोनावर ठराविक वजन ठेवायचं, शिखर किती खाली सरकतं ते बघायचं. नाण्यांचं वजन टाकसाळीचं, भरवशाचं, म्हणून एक रुपयाचं नाणं चिकटवायला गेलो तर ते हातातून निसटून टोपीवर आपटलं आणि तिथेच चिकटलं. पोलादी. मॅग्नेटने ओढलं. टोपीला बारीक पोचा पडला, सेलोटेपने ओढून वर काढला. मग २०११ नंतरची पितळी रंगाची पाचाची दोन नाणी घेतली, प्रत्येकी ६ ग्रॅम, मॅग्नेटला दाद न देणारी. मळलेल्या मातीच्या टिकलीने बसवली. शिखर ५२ वरून ३९ वर आलं. हलणाऱ्या भागाचं वजन साडेपंधरा ग्रॅम, व्हीएएस, म्हणजे कोनाइतकीच लवचिक असणारी हवा, १५ लिटर.

हे आकडे ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते थील आणि स्मॉल दोघेही ऑस्ट्रेलियात काम करत होते, १९६० आणि ७० च्या दशकांत. त्यांच्या आधी पेट्या अंदाजाने बनत. आपल्याकडे मिस्त्रीच्या हातात प्लाय जितका उरला तितकी पेटी, ही पद्धत अजून जोरात आहे.

शेवटचा हिशेब संवेदनशीलतेचा. दुकानातल्या खोक्यावर ९०. माझ्या आकड्यांतून निघाली ८६.५. म्हणजे विजेचा आवाज होण्याचं प्रमाण ०.२७ टक्के. पाव टक्का! बोर्डाची कार्यक्षमता ९० टक्के की ९२ यावर लोक हमरीतुमरीवर येतात, आणि पुढे हा गडी शंभरातला पाव सोडून बाकी सगळं उष्णतेत घालवतो. सगळेच घालवतात. मंडळाची पेटी दोन-अडीच टक्के देत असेल, म्हणून तिने घर हलवलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

क्यूटीएस ०.६३ म्हणजे भोकवाली पेटी नको, बंद पेटी हवी. १८ लिटरमध्ये एकूण क्यू ०.८६ आणि अनुनाद ७० हर्ट्झ. २५ लिटरमध्ये ०.८० आणि ६६. त्याहून मोठी केली तर आकडा सुधारतो पण बाबांचं कपाट उघडणार नाही. २५ ठरली. आतून २२ बाय २८ बाय ४१ सेंटिमीटर, १८ मिलिमीटर प्लाय.

मिस्त्री भला माणूस, पण 'हवा बाहेर पडायला' मागे भोक पाडायची त्याला फार घाई. तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा ड्रिल मशिनच घरी घेऊन आलो.

२० ऑक्टोबर, रविवार

पेट्या आल्या. आत फेव्हिकॉलची सांध्यांवर पुन्हा एक ओळ फिरवली, उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस निम्म्या जागेत सैल भरला.

खालचे आणि वरचे स्वर वाटून देणारा विभाजक साधाच ठेवला. खालच्या स्पीकरला मालिकेत ०.४७ मिलिहेन्रीची हवेवरची कॉइल. ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड आणि ३.३ ओहमचा रोध. ट्वीटर मुळात ३ डेसिबल जास्त बोलका, रोधाने तो जागेवर आला, कोपरा ३ किलोहर्ट्झच्या जवळ बसला, आणि बोर्डाच्या चाळणीला वरच्या टोकाला ११ ओहमचा सभ्य भार मिळाला. एका पाच रुपयांच्या रोधाने तीन कामं केली. खालच्या स्पीकरच्या टोकांवर ८.२ ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरडची जोडी, म्हणजे १० किलोहर्ट्झला २१ पर्यंत जाणारी ती चढण सपाट होते.

ट्वीटर उलटा जोडून पाहिला, सुलटा जोडून पाहिला. २-३ किलोहर्ट्झच्या भागात उलटा जास्त भरीव वाटला. मोजून ठरवायला हवं होतं. कानाने ठरवलं, कारण जेवणाची वेळ झाली होती.

२७ ऑक्टोबर, रविवार, लक्ष्मीपूजन

सकाळी अभ्यंगस्नानानंतर बाबा खुर्चीत. दोन्ही पेट्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून वीतभर पुढे. नाट्यपद लावलं. ऑर्गन, तबला, मग गळा. बाबा काही बोलले नाहीत. दुसरं पद संपल्यावर म्हणाले, "हा मधे 'सखये' म्हणतो होय! मी इतकी वर्षं 'सगळे' समजत होतो."

बाहेर फटाके. त्यामुळे खालच्या सुरांबद्दल आज मत नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

नवी तक्रार. बाबांचा ट्रान्झिस्टर रेडिओ खुर्चीच्या हाताशी असतो, सकाळच्या बातम्यांसाठी. "पुणे केंद्रावर कोणीतरी शिट्टी वाजवतंय."

बोर्ड बंद केला, शिट्टी गेली. चालू केला, आली. आकाशवाणी पुणे मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला. माझा बोर्ड ४०० वर ठोकतोय, त्याची दुप्पट ८००. चिपचा ठोका नेमका ४०० च असेल असंही नाही. ३९७ निघाला तर दुप्पट ७९४, स्टेशनपासून २ किलोहर्ट्झवर, आणि तो फरकच शिट्टी होऊन ऐकू येतो. जमिनीवरून गेलेली सहा मीटरची सैल दुपदरी तार या सगळ्याचा एरिअल.

बोर्ड पेट्यांच्या मध्ये आणला, तारा दीड मीटरच्या केल्या आणि दोन्ही पदर एकमेकांत पिळले. शिट्टी निम्मी झाली. निम्मी म्हणजे अजून आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

या चिपमध्ये याच त्रासासाठी तीन पाय दिलेले आहेत. कोणत्या पायाला वरचं व्होल्ट आणि कोणत्याला ग्राउंड द्यायचं ते बदलून ठोका ४००, ५००, ६००, १००० किंवा १२०० किलोहर्ट्झ निवडता येतो. बोर्डवाल्याने तिन्ही सरळ ग्राउंडला डकवलेले.

त्यातला एकच पाय उचलायचा होता. पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर. आईची बारीक सुई, बाबांचं भिंग, माझा श्वास रोखलेला. आयर्न टेकवलं, सोल्डर चमकली, सुईचं टोक पायाखाली सरकवलं आणि केसभर वर उचललं. शेजारच्या पायाला टेकला का? भिंगातून पाहिलं, मध्ये प्रकाश दिसतोय. मग १०० किलोओहमचा रोध त्या पायावरून वरच्या व्होल्टच्या टिकलीपर्यंत, हवेत तरंगता, वर गरम गोंदाचा थेंब.

ठोका आता ५००. दुप्पट १०००, तिप्पट १५००. ७९२ च्या आजूबाजूला काही नाही. ट्रान्झिस्टर लावला, पुणे केंद्र स्वच्छ. बोर्ड चालू-बंद चार वेळा केला, बाबांना पत्ता लागला नाही.

१ डिसेंबर, रविवार

महिनाभर रोज चाललंय. आज सहज बाबा ऐकत असताना स्पीकरच्या टोकांवर मीटर धरला, दोन्ही सळ्या स्पीकरच्याच टोकांना, ग्राउंडला नाही. आकडा नाचतो, गाण्यात असं मोजणं ढोबळच, तरी मोठ्या तानेला जास्तीत जास्त १.४ व्होल्ट. आठ ओहमला ते पाव वॅट.

तपकीर गल्लीतून जाताना त्या दुकानदाराने हाक मारली, "काय साहेब, किती वॅटचं झालं शेवटी?" सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

राहिलेली कामं: बंद करताना येणारा बारीक 'टप्' घालवणे. उजव्या पेटीला कापड लावणे. मिस्त्रीचं ड्रिल परत देणे.